जामीन मंजूर झाला, माणूस मात्र आतच : पुण्यातील फौजदारी वकिलांना खुले पत्र

प्रति,
पुणे जिल्ह्यात फौजदारी काम पाहणारे सर्व वकील बंधुभगिनी,
विशेषतः गेल्या दोन-चार वर्षांत सनद घेतलेले तरुण वकील

स. न. वि. वि.

शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या एका टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात मी काम करतो. आपल्यापैकी अनेकांची वकीलपत्रे, तहकुबीचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे माझ्या हाताखालून गेली आहेत. पावसात फाईल भिजू नये म्हणून आपण दुकानात येऊन उभे राहता, चहा सांगता आणि मला नावाने हाक मारता. मी याच जिल्ह्यातील एका खटल्यात कच्चा कैदी म्हणून जवळपास सहा महिने तुरुंगात होतो, हे मात्र आपल्यातल्या दोघा-तिघांनाच ठाऊक आहे. इतकी वर्षे ते सांगण्याची गरज वाटली नाही. आज सांगतो आहे, कारण मला आपल्याला एक विनंती करायची आहे आणि ती कोणत्या अनुभवातून आली आहे ते कळल्याशिवाय ती एका टंकलेखकाची लुडबूड वाटेल. विनंती एवढीच की, जामीन मंजूर झाला त्या दिवशी फाईल कपाटात टाकू नये. अशील तुरुंगाच्या दारातून बाहेर पडेपर्यंत ती टेबलावर राहू द्यावी.

२०१६ साली मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळत होतो. साठ्याच्या मोजणीत तांब्याच्या तारेची बंडले कमी भरली, किल्ल्या तिघांकडे होत्या आणि फिर्यादीत तिघांचीही नावे आली. कलम होते ४०८, म्हणजे नोकराने केलेला अपहार. मार्चमध्ये अटक झाली, दोषारोपपत्र दाखल झाले आणि १८ मे रोजी मला जामीन मंजूर झाला : पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या सहीचे हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम, स्थानिक जामीनदार. मी बाहेर आलो तो ८ सप्टेंबरला. मधले ११३ दिवस मी न्यायालयाच्या लेखी मोकळा होतो आणि तुरुंगाच्या लेखी आत होतो. पुढे २०२१ मध्ये आम्हा तिघांचीही निर्दोष मुक्तता झाली, पण हे पत्र त्या निकालाविषयी नाही. मी दोषी ठरलो असतो तरी त्या ११३ दिवसांचा हिशेब बदलला नसता.

सुटणाऱ्यांची नावे संध्याकाळी वाचली जात. बरॅकी बंद होण्याआधी शिपाई दाराशी येऊन कागदावरून नावे पुकारायचा आणि ज्याचे नाव येईल त्याला पाच-दहा मिनिटांत सामान घेऊन निघावे लागायचे. जामीन झाल्याचे कळले त्या दिवसापासून मी रोज चार वाजता दोन्ही कांबळ्यांची वळकटी बांधून, तिच्यात चादर आणि टॉवेल खोचून, थाळी-वाटी वर ठेवून बसू लागलो. नाव आले नाही की वळकटी सोडून पुन्हा पथारी पसरायची. पंधराएक दिवसांनी शेजारी झोपणारा नांदेडकडचा म्हातारा म्हणाला, "बाळा, रोज बांधतोस, रोज सोडतोस, कांबळं झिजेल." दुसऱ्या दिवसापासून मी वळकटी बांधणे सोडून दिले. जूनमध्ये कधीतरी तर मी नावे वाचली जात असताना तिकडे कान देणेही सोडले. बाहेर आल्यावर ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त दिवस छळले ती हीच होती : कोणी काही चांगले सांगू लागले की ते आपल्यासाठी नाही, असे धरूनच मी चालायचो.

या ११३ दिवसांत बाहेर काय चालले होते ते मला नंतर कळले. माझा भाऊ औसा तालुक्यातून सातबारा घेऊन आला. जमीन तिघा भावांची सामाईक आणि इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. तो उतारा पाहून कोणीतरी मान हलवली. (मराठवाड्यातला बिनबोजाचा सातबारा जामिनासाठी शोधत बसायचे ठरवले, तर तुरुंग कधीच रिकामे होणार नाहीत.) मग तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणायला सांगितले गेले, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याची सही आणि पुण्याहून औशाच्या तीन फेऱ्या झाल्या. दाखला हाती आला तेव्हा कळले की, अट 'स्थानिक' जामीनदाराची आहे, औशाचा चालणार नाही. घरमालकाने हात वर केले. सुपरवायझरने फोन उचलणे बंद केले. आवारात वावरणाऱ्या एका माणसाने माझ्या पत्नीला गाठून आठ हजारांत जामीनदार उभा करून देण्याची तयारी दाखवली. कागद कोणाचे, माणूस कोण, हे विचारायचे नाही, अशी अट होती. आम्ही ते नाकारले ते तत्त्वासाठी नाही. आठ हजार नव्हते.

शेवटी जामीनदार मिळाला तो हडपसरला. माझ्या पत्नीच्या मावशीचे यजमान. पीएमटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, स्वतःची दोन खोल्यांची जागा, घरपट्टीची पावती नावावर, पेन्शनचे कागद जपून ठेवलेले. ते पहिल्या दिवसापासून तिथेच होते. पण माझी पत्नी लाजेपोटी त्यांच्याकडे गेलीच नव्हती. मी कामासाठी गुजरातला गेलो आहे, असे तिने माहेरच्या सगळ्यांना सांगितले होते. आमच्या वकिलांनी तिला "जामीनदार आणा" एवढेच सांगितले आणि ते पुढच्या प्रकरणाकडे वळले. त्यांनी एकदा, पाच मिनिटे, तिला बाकावर बसवून "पुण्यात तुमचे कोण कोण आहे? माहेरचे? मावशा, आत्या? कोणाच्या नावावर घर आहे?" असे विचारले असते, तर मी मे महिन्यातच बाहेर आलो असतो. मी त्यांना वाईट म्हणत नाही. जामिनाचा युक्तिवाद त्यांनी उत्तम केला होता. फी जामिनापर्यंतची ठरली होती आणि जामीन झाला होता.

त्या काळात दिघीची खोली गेली. डिपॉझिट भाड्यात वळते झाले. जूनमध्ये मुलीची दुसरी सुरू व्हायची होती; पत्नी तिला घेऊन गावी गेली आणि ते वर्ष तिथेच गेले. मी सुटलो तेव्हा पिशवीत कपड्यांचे दोन जोड आणि जामिनाचा कागद होता. पुढची पाच वर्षे तारखा. दर महिन्या-दीड महिन्याला एक दिवस सुट्टी मागायची आणि सुट्टीचे कारण सांगायचे, म्हणजे नोकरी गेलीच. सुरक्षारक्षकाच्या कामाला गेलो तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागत आणि त्यात प्रलंबित गुन्हा दिसणार, हे मला ठाऊक होते. खोली भाड्याने घ्यायची तरी भाडेकरूची माहिती पोलिसांत जाते. मार्केट यार्डात हमाली केली, लग्नाच्या मांडवाचे काम केले. निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रमाणित प्रत काढली, तिच्या दहा झेरॉक्स काढल्या आणि वर्षभर त्या पिशवीत घेऊन हिंडलो. बऱ्याच ठिकाणी ती कोणी वाचलीसुद्धा नाही. चुकीच्या खटल्यात भरडल्या गेलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधल्या २७७व्या अहवालात केली आहे. तसा कायदा अजून झालेला नाही. असो, तो विषय आपल्या हातातला नाही.

टायपिंगकडे मी वळलो तो तुरुंगातल्या सवयीमुळे. आत माझे बारावीपर्यंतचे शिक्षण फार मोठे मानले जायचे. अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येत : विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळावा म्हणून, आई आजारी आहे म्हणून, तारखेला हजर केले नाही म्हणून. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने दिला आहे, हे मला तिथेच, एका अर्जाच्या मसुद्यावरून कळले. बाहेर आल्यावर आवारातल्या दुकानदार काकांनी माझे अक्षर पाहून एका स्टुलावर बसवले आणि मराठी टंकलेखन शिकायला लावले. त्यांना मी पहिल्याच दिवशी सगळे सांगितले होते. ते म्हणाले, "इथं येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या केसमधलाच असतो."

एके दिवशी एक बाई जामिनाच्या आदेशाची झेरॉक्स काढायला आल्या आणि पैसे देता देता त्यांनी विचारले, "म्हणजे आता सुटला ना तो?" आदेशाची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची होती. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. जामीन झालेला आहे पण माणूस आत आहे, अशी नावे त्या वहीत लिहितो : आदेशाची तारीख, रक्कम, अट, अडले कुठे. त्यातली काही कारणे आपल्याला हसण्यासारखी वाटतील. एका आदेशात 'बाळू' होते आणि तुरुंगाच्या नोंदवहीत 'बालाजी'. वडिलांचे नाव एकच, पत्ता एकच, पण नऊ दिवस गेले. एका पारधी तरुणाला एका गुन्ह्यात जामीन झाला, जामीनदारही मिळाला, पण दुसऱ्या तालुक्यातल्या एका जुन्या गुन्ह्याचे वॉरंट तुरुंगात येऊन पडले होते आणि त्याचा जामीन कोणी मागितलाच नव्हता, कारण त्या दुसऱ्या गुन्ह्याची त्याच्या वकिलांना कल्पनाच नव्हती. (येरवड्याचा तुरुंग बांधला गेला ते १८७१ साल, अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदाही त्याच वर्षीचा. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय अजून पारध्यांच्या वस्तीवरच आधी येतो.) उरलेल्यांपैकी बहुतेकांचे मात्र एकच कारण असते : जामीनदार नाही.

आता कायद्याविषयी मी आपल्याला काय सांगणार. पण जे कागद मी स्वतः टाइप केले आहेत, त्यांच्या आधाराने बोलतो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९७८ चा निकाल आपण कॉलेजात वाचला असेल. मोतीराम गवंडी होता. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. माझ्या भावाचा सातबारा नाकारला गेला तो त्यानंतर अडतीस वर्षांनी, आणि त्या दिवशी हा निकाल कोणी पुढे केला नाही.

त्याहून जवळचा आणि अधिक उपयोगाचा आदेश ३१ जानेवारी २०२३ चा आहे. जामीन होऊनही सुटका न झालेल्या बंद्यांसाठीच सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकामार्फत बंद्याला पोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आणि सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगाला भेट देणारा वकील पाठवून मदत करायची. बंद्याच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा अहवाल तयार करून तो न्यायालयापुढे ठेवता येतो. बाहेर आल्यावर जामीनदार आणून देतो, असे बंद्याने म्हटले तर न्यायालय त्याला ठराविक मुदतीसाठी तात्पुरते सोडू शकते. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, म्हणून अशा प्रकरणांत ती अट घालू नये, असेही त्यात म्हटले आहे. हे सगळे २०१६ मध्ये नव्हते. आज आहे, आणि तरीही माझी वही भरते, कारण यातली बहुतेक चाके कोणीतरी ढकलल्याशिवाय फिरत नाहीत. अधीक्षकाकडे शेकडो बंदी असतात. सचिवांकडे अख्खा जिल्हा असतो. त्या एका माणसाची फाईल फक्त आपल्याकडे असते.

गेल्या वर्षी बिदरकडच्या एका गवंड्याच्या बाबतीत हे पाहायला मिळाले. वाघोलीतल्या साइटवर काम करणारा माणूस. मजुरांच्या पत्र्याच्या शेडशिवाय पत्ता नाही. पंधरा हजारांचा एक जामीनदार, अशी अट होती आणि दोन महिने उलटले होते. आपल्यातल्याच एका तरुण वकील मॅडमनी दुपारच्या सुट्टीत दुकानात बसून दीड पानाचा अर्ज सांगितला : अट बदलून जातमुचलका घ्यावा आणि काही रक्कम रोख भरून घ्यावी. सोबत ३१ जानेवारीच्या आदेशाची प्रत जोडली. पाच हजार रोख त्याच्या मुकादमाने आणि सोबतच्या मजुरांनी गोळा केले आणि चौथ्या दिवशी माणूस बाहेर आला. मॅडमनी त्या अर्जाची फी घेतली नाही, आणि मला ते बरोबर वाटले नाही. दीडशे-दोनशे रुपये का होईना, घ्यायला हवे होते. फुकट केलेले काम पुढच्या वेळी 'वेळ मिळाला तर' या सदरात जाते, असे मी आवारात पाहत आलो आहे.

फीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नव्या वकिलाच्या खिशात महिनाअखेर काय उरते हे चहाच्या उधारीवरून आम्हाला कळते. बोगस जामीनदारांच्या भानगडीत आपले नाव अडकेल, ही भीतीही खोटी नाही. कागद बनावट निघाले की आधी वकिलाकडे बोट दाखवले जाते. पण भाडोत्री जामीनदारांचा धंदा चालतो तो खरा जामीनदार शोधायला कोणी मदत करत नाही म्हणूनच. माझ्या पत्नीला आठ हजार सांगणारा माणूस कायद्यातले काही जाणत नव्हता. ती कोणत्या बाकावर एकटी बसली आहे, एवढेच त्याने हेरले होते.

म्हणून मी जे मागतो आहे ते फार मोठे नाही. वकीलपत्रावर सही घेतानाच जामीनदार कोण होणार हे विचारून ठेवावे आणि नातेवाईक गप्प राहिले तर त्या गप्प बसण्यामागे लाज असू शकते, हे ओळखून दुसऱ्यांदा, वेगळ्या शब्दांत विचारावे. जामीनदार नाही असे दिसले तर जामिनाच्या मूळ अर्जातच जातमुचलक्याची किंवा तात्पुरत्या रोख जामिनाची मागणी लिहावी. नंतर वेगळा अर्ज करण्यात जाणारे दिवस वाचतात. आदेश हाती आला की नाव, वडिलांचे नाव आणि गुन्हा क्रमांक तुरुंगाच्या वॉरंटशी ताडून पाहावा. आणखी कुठे गुन्हा आहे का, हे अशिलाला थेट विचारावे; तो आपल्यापासून लपवेल, पण तुरुंगापासून ते लपत नाही. आठव्या दिवशी प्राधिकरणाला एक पत्र द्यावे. गरीब बंद्यांना साहाय्य करण्याची केंद्राची २०२३ ची योजना आहे. तिच्यात जामिनासाठी एका बंद्यामागे ठराविक मर्यादेपर्यंत मदत जिल्हास्तरावरील समिती मंजूर करू शकते. मात्र अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, त्यामुळे अशिलाच्या घरच्यांना आशा लावण्याआधी कलमे पाहून घ्यावीत. आणि ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही, त्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली त्याला जामीन मिळू शकतो; ती तारीख डायरीत आधीच लिहून ठेवावी. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर त्या कलमाचा आधार मिळत नाही, हे मी त्या पारधी तरुणाच्या अर्जावेळी शिकलो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातले जवळपास शहात्तर. हा आकडा वाचून काय करावे हे मला कधीच सुचले नाही. वहीतल्या एका पानाचे मात्र काय करावे हे सुचते.

माझी मुलगी आता बारावीला आहे. यंदा सुट्टीत ती दुकानात येऊन बसायची आणि वहीतली नावे पाहून फोन करायची : "काका सुटले का?" काही घरांतून आता तिलाच फोन येतात.

दिवाळीची सुट्टी लागली की आवार ओस पडते, अर्ज सुनावणीला लागत नाहीत आणि आतल्या माणसाचे दोन-तीन आठवडे सहज जातात. त्यामुळे हे पत्र आत्ता लिहिले. आज वहीत अकरा नावे आहेत. त्यातल्या सातजणांचे वकील कोण हे मला अजून शोधायचे आहे. उरलेल्या चौघांचे वकील हे पत्र वाचत असतील, अशी आशा आहे. सोमवारी सकाळी साडेदहाच्या आत, कोर्ट बसण्यापूर्वी, मी त्या चार आदेशांच्या प्रती घेऊन आपल्या टेबलाशी येईन.

आपला,
झेरॉक्सच्या दुकानातला टंकलेखक
शिवाजीनगर, पुणे